चार व्हॉल्व्हचा

मेच्या दुपारी इंदोऱ्यात गिऱ्हाईक फिरकत नाही.
शटर अर्धं ओढून बसते.
कूलर वास देतो, गारवा नाही,
आणि टेबलावर उलटा, पोट वर करून
बाबांचा साठ वॅटचा ॲम्प्लिफायर.

एकवीस किलो. त्यातले निम्मे नुसते ट्रान्सफॉर्मरचे.
'गजभिये साउंड सर्व्हिस', निळ्या ऑइलपेंटात;
'सा'चा काना हातगाडीच्या दोरीने घासून नेलाय.

आधी डावा हात खिशात.
हे त्यांनी बाराखडीच्या आधी शिकवलं.
चारशे ऐंशी व्होल्ट, स्विच बंद केला तरी,
निरोप घेऊन दारातच गप्पा मारणाऱ्या पाहुण्यासारखे
आत रेंगाळतात.
रेझिस्टर लावून त्यांना कोपऱ्यापर्यंत सोडून यायचं,
मीटरवर शून्य बघायचं,
शून्यावरही लगेच विश्वास ठेवायचा नाही.

कागदी कपॅसिटरांतून मेण गळालंय.
रेझिस्टरचे रंगीत पट्टे एक सांगतात, मीटर दुसरंच.
फिल्टरचे डबे वर फुगलेत.
सगळं उपसते. फिल्म कपॅसिटर नवे,
चारही व्हॉल्व्हना आपापला बायस,
म्हणजे एकाच्या तापाने दुसरा भाजायला नको.
दोन पिनांच्या जागी तीन:
अर्थिंग बाबांनी आयुष्यभर
ओल्या मातीत ठोकलेल्या सळईवर भागवलं,
वर तांब्याभर पाणी.

सॉकेटच्या कडेला, पत्र्यावर, पेन्सिलने:
'तिसरा लई गरम होऊन राहिला.
दसऱ्यानंतर बदलणे.'
कुठला दसरा, लिहिलेलं नाही.
तिसरा अजून तोच आहे.
त्याच्या काचेवरची चांदी नखाएवढी उरलीय.

दीक्षाभूमीच्या रस्त्यावर, हरवले-सापडलेच्या मंडपात
हा रात्रभर तापायचा.
'निळा शर्ट, पायात एकच चप्पल,
वय अंदाजे चार, नाव सांगत नाही…'
बाबांचा आवाज एरवी असा नव्हता.
घरी ते मीठ मागायचे तेही खुणेनं.

एका साली त्यांनी मलाच पुकारलं.
मी टेबलाखाली होते, सतरंजीच्या आड,
याच जाळीला पाठ लावून,
कारण ऑक्टोबरची पहाट गार आणि हा ऊबदार.
'उत्पला हिरामण गजभिये, वय सात.'
खांबाखांबावरून माझं नाव मागे पडत गेलं,
लक्ष्मीनगरकडे नुसतं 'पला… पला…'
एवढं मोठं माझं नाव मी ऐकलं नव्हतं.
म्हणून निघाले नाही. चांगला अर्धा तास.
मग सतरंजी वर झाली,
आणि माइक चालूच राहिल्यामुळे
मला बसलेली चापट
अख्ख्या रस्त्याने ऐकली.

आता धरमपेठेतले एक दंतवैद्य
याला दिवाणखान्यात ठेवणार आहेत. व्हायोलिन ऐकतात.
ॲडव्हान्स दिलाय. म्हणाले, माइकचं सॉकेट काढून टाका,
तिथे एखादी पितळी नॉब शोभेल.
मी 'बरं' म्हणाले.

सिरीजला शंभरचा बल्ब लावून स्विच.
बल्ब भपकन पेटतो, मग विझत विझत
नुसती तार लाल: म्हणजे आत शॉर्ट नाही.
एक, दोन, चार.
तिसऱ्या जागी नवा. जुना माझ्या ओट्यात,
गार, हलवला की आत काहीतरी किणकिणतं.
हम जवळजवळ गेलाय.
स्पीकरला कान लावला तर
दुरून कुणी चक्की चालवतंय, तितकाच.

सॉकेट काढायचं राहिलंय.
कपाटातला माइक जोडते. गंजलेली जाळी,
तिला अजून तंबाखूचा वास.
'वय चौपन्न. चष्मा. उजव्या अंगठ्यावर सोल्डरचा डाग.
पायात दोन्ही चपला. नाव…'

वरच्या गच्चीतून बोरकरांचा पोट्टा वाकून ओरडतो,
'काकू, कोन हरवलं व?'

कोणी नाही रे, म्हणते, टेस्टिंग आहे.
आवाज खाली घेते.
मीटर लावून तिसऱ्याचा बायस
पुन्हा एकदा बघते. पस्तीस.
थोडा हलतोय. शेजारचा कूलर सुरू झाला असेल.